सरपण फोडायला हत्यार कोणतं?

आज बोलायचंय ते सरपण फोडायच्या हत्यारांबद्दल. दुकानात गेलो की आपण म्हणतो, ‘एक चांगली कुऱ्हाड द्या.’ दुकानदार काढून देतो. ती कशासाठी हवी, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. गडबड इथूनच सुरू होते.

लाकूड तोडणं आणि लाकूड फोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. झाडाचे तंतू उभे असतात. फांदी तोडताना ते आडवे कापायचे असतात. त्याला पातळ पातं आणि चांगली धार हवी. फोडताना तंतू कापायचे नसतात, एकमेकांपासून सोडवायचे असतात. तिथे धार फक्त सुरुवातीची फट पाडते. पुढचं काम पात्याचे जाड, फुगीर गाल करतात. ते लाकडाला दोन्ही बाजूंना रेटतात. म्हणून पातळ कुऱ्हाड ओंडक्यात रुतून बसते आणि आपली निम्मी ताकद ती उपटण्यात जाते. तेव्हा फोडायची कुऱ्हाड घेताना पातं वरून बघा. नेढ्याकडे ते पाचरीसारखं जाड होत गेलेलं हवं.

आता वजन. ‘जड तेवढी बरी’ असं आपण समजतो. पण हिशोब बघा. वजन दुप्पट झालं तर घावातली ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर चौपट होते. तीन किलोची कुऱ्हाड डोक्यावर नेतानाच हात थरथरत असतील, तर दीड-दोन किलोचीच जास्त काम देईल. पुष्कळ घरांत सरपण बायका फोडतात आणि हत्यार मात्र घरातल्या सर्वांत दणकट माणसाच्या मापाचं असतं. जो वापरणार, त्यानंच हातात धरून घ्यावं.

लाकूडही बघायला हवं. मनगटाएवढ्या फाट्याला कोयता पुरतो. पातं लाकडाच्या टोकावर ठेवायचं आणि वरून लाकडी दांडक्यानं ठोकायचं. सरळ रेषेच्या ओंडक्याला कुऱ्हाड. टोकाला वाळून चीर पडली असेल तर घाव त्या चिरेतच घाला. ओंडका फार रुंद असेल तर मधोमध मारू नका, कडेकडेनं ढलप्या काढा. आणि बुंध्याचं, गाठींचं लाकूड असेल तर कुऱ्हाडीशी झुंजत बसू नये. तिथे लोखंडी पाचर आणि घण. पाचर ठोकायला कुऱ्हाडीची पाठ वापरू नका, नेढं फाकतं. पाचरीचं डोकं ठोकून ठोकून भूछत्रासारखं पसरलं असेल तर ती कड घासून काढा. नाहीतर तिचा कपचा उडून डोळ्यात जातो.

दांड्याकडे आपलं सर्वांत कमी लक्ष असतं. धामण किंवा बाभळीचा दांडा चांगला. तो झटका सोसतो. त्याच्या लाकडाच्या रेषा टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. मध्येच तिरप्या बाहेर पडल्या असतील तर तिथेच तो मोडणार. आखूड दांडा सोपा वाटतो, पण नेम चुकला तर पातं पायाकडे येतं. लांब दांड्याचं पातं बहुधा जमिनीत जातं. म्हणून ओंडका गुडघ्याएवढ्या ठोकळ्यावर ठेवा, पाय फाकवून उभे राहा.

दांडा सैल झाला की पुष्कळजण कुऱ्हाड पाण्यात ठेवतात. लाकूड फुगतं, घट्ट वाटतं. पण नेढ्यात दाबलं गेलेलं ते लाकूड वाळल्यावर आणखी सैल होतं, आणि पातं निसटतं ते नेमकं जोराच्या घावाला. समोर कोणी उभं असेल तर काय होईल, ते सांगायला नको. नवी पाचर मारा, नाहीतर दांडाच बदला.

एवढा खटाटोप कशासाठी? तर फोडलेलं लाकूड लवकर वाळतं. साल ओल धरून ठेवते. फोडलं की आतली बाजू उघडी पडते. ओलं लाकूड जळण्याआधी पाणी उकळण्यातच उष्णता घालवतं आणि घरभर धूर करतं. तो धूर चुलीपुढे बसणाऱ्याच्या छातीत जातो. हत्यार नीट नसलं की माणूस कंटाळतो, जाड ओंडके तसेच चुलीत सारतो. म्हणून पुढच्या वेळी दुकानात नुसती ‘चांगली कुऱ्हाड’ मागू नका. लाकूड कोणतं, फोडणार कोण, हे आधी सांगा.