एक ज्यूनो, सहा आवाज आणि माझं पासबुक

"एवढ्या पैशात सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा येईल," बाबा म्हणाले. "आणि ती पेट्रोल टाकलं की चालते तरी!"

विषय होता माझ्यापेक्षा वीस-एकवीस वर्षांनी मोठ्या असलेल्या एका की-बोर्डचा. रोलँड कंपनीचा ज्यूनो-१०६, १९८४ सालचं मॉडेल, अ‍ॅनालॉग सिंथेसायझर. किंमत ९०,००० रुपये फक्त. माझ्या खात्यात होते ८१,४००. दोन वर्षं दहावीच्या मुलांना गणित शिकवून जमवलेले. त्यातच नवा लॅपटॉप आणि फायनल इयरचं प्रोजेक्ट बसवायचं, असं घरात ठरलेलं होतं. वरचे मी देते, असं आजी हळूच म्हणाली, पण ते नंतर.

(आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने तपासलेत, उरलेलं पदरात घ्या.)

हे वेड लागलं अकरावीत, एका रेकॉर्डमुळे. मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रं घेऊन एक रेकॉर्ड काढली. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसचं आणि टीआर-८०८ हे तालाचं यंत्र, आणि त्यावर चक्क राग! तेव्हा फारसं कोणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक चाट पडले, कारण अमेरिकेत पुढे 'अ‍ॅसिड हाउस' म्हणून जे गाजलं, त्याच्याशी हे भलतंच जुळत होतं. ते २०१५ मध्ये गेले. मी ती रेकॉर्ड किती वेळा ऐकली ते विचारू नका. ज्युपिटर-८ च्या आजच्या किमतीत नवी चारचाकी येते, त्यामुळे तो विषय संपला. पण त्याच घराण्यातला गरीब चुलतभाऊ म्हणजे ज्यूनो. त्याचा फोटो माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

आणि मागच्या डिसेंबरात कळलं की मैत्रिणीच्या बिल्डिंगमधल्या एका काकांकडे तो आहे. डोंबिवलीत! काका पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांच्या भावाने १९८६ मध्ये दुबईहून आणून दिला, म्हणजे २४० व्होल्टवाला. जपानी मॉडेल असतं तर १०० व्होल्टचं, आपल्या सॉकेटला लावलं की संपलं. पुढे ऑर्केस्ट्राला ढोलक आणि शहनाई आयती देणारे डिजिटल की-बोर्ड आले आणि ज्यूनो बराच काळ कपाटावर गेला. आता काकांची बोटं थरथरतात. "वाजवणारा कोणी असेल तर देईन," म्हणाले.

पण एवढ्या पैशात नक्की काय येतं? इथे जरा इंजिनीअरिंग करू या, म्हणजे 'अ‍ॅनालॉगचा आवाज उबदार असतो' वगैरे धुकं जाईल.

अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज नसतो. आत एक कपॅसिटर भरतो आणि झटक्यात रिकामा होतो, पुन्हा भरतो, पुन्हा रिकामा. व्होल्टेजची करवतीच्या दातांसारखी लाट मिळते, तोच कच्चा माल. सेकंदाला ४४० वेळा झालं की तो 'ए' हा सूर. जुन्या यंत्रांत हा वेगही व्होल्टेजवर ठरायचा, आणि ट्रान्झिस्टर तापला की सूर सरकायचा. कार्यक्रमाच्या मध्यंतरात सिंथेसायझर सुरात लावत बसायचं, अशी गत. ज्यूनोने यावर काय केलं? तर कपॅसिटर कधी रिकामा करायचा हे क्रिस्टलच्या घड्याळावर सोपवलं. घड्याळाचे ठोके मोजायचे आणि ठरलेला आकडा आला की रिकामा. समजा घड्याळ १ मेगाहर्ट्झचं आहे, २२७३ ने भागलं की जवळजवळ ४४०. आणि हे भागायला कोण बसवलंय, माहितीये? ८२५३! हो, तोच, मायक्रोप्रोसेसरच्या ओरलला ज्याचे मोड विचारून माझा घाम काढला होता तो टायमर. एका चिपमध्ये तीन काउंटर, म्हणून सहा आवाजांना दोन चिप. ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी तो चॅप्टर पहिल्यांदा आपणहून वाचला.

यात एक गोम आहे. सूर चढला की कपॅसिटरला भरायला वेळ कमी मिळतो, म्हणजे लाट बुटकी होणार. म्हणून सुराबरोबर भरण्याचा करंटही वाढवावा लागतो, आणि तेही काम आतला प्रोसेसर बघतो. तेव्हा ज्यूनो 'शुद्ध अ‍ॅनालॉग' नाहीच. मोजमाप डिजिटल, लाट अ‍ॅनालॉग.

पुढे फिल्टर. मांडवात डीजे लागलाय आणि तुम्ही खिडकी बंद केली, तर झणझण बाहेर राहते आणि धमधम आत येते. लो-पास फिल्टर म्हणजे ती खिडकी. ज्यूनोत ती एका सरकपट्टीने हवी तेवढी उघडायची-मिटायची, आणि रेझोनन्सची पट्टी वर नेली की मिटण्याच्या जागेवरचे सूर टोकदार होतात. पार वर नेली की फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवायला लागतो. प्रत्येक आवाजाला स्वतंत्र फिल्टर आहे, म्हणून सहा पट्ट्या एकदम दाबल्या तरी सहाही स्वतंत्र जगतात.

आणि शेवटी ज्यासाठी लोक जीव टाकतात तो कोरस. ज्यूनोत एका आवाजाला एकच ऑसिलेटर, त्यामुळे नुसता आवाज थोडा किरकोळच वाटतो. मग तो 'बकेट ब्रिगेड' चिपमधून जातो. आग विझवायला माणसं रांग लावून बादल्या पुढे देतात ना, तसं शेकडो छोटे कपॅसिटर व्होल्टेज पुढच्याला देत राहतात. आवाज क्षणभर उशिरा बाहेर पडतो. देण्याचा वेग हळूहळू कमी-जास्त केला की उशीर बदलतो आणि सूर किंचित डोलतो, डावीकडे एका दिशेने आणि उजवीकडे उलट्या. मूळ आवाजात हे मिसळलं की खोली मोठी झाल्यासारखी वाटते. सोबत बारीक फसफसही येते. काकांना ती आवडते, मला नाही.

आता वाईट बातमी. प्रत्येक आवाजाचा फिल्टर आणि व्हॉल्यूम सांभाळणारं सर्किट ८००१७ए नावाच्या एका छोट्या मॉड्यूलमध्ये आहे, वर काळ्या इपॉक्सीचा लेप. हा लेप वर्षांनुवर्षांत खराब होतो, नको तिथून करंट झिरपतो आणि तो आवाज तडतडायला लागतो नाहीतर मुका होतो. जुन्या ज्यूनोचा हा कुळाचार आहे. तपासायला सोपं आहे. 'की ट्रान्सपोज' बटण दाबून ठेवून यंत्र चालू करायचं, मग ते टेस्ट मोडमध्ये जातं आणि आत्ता कुठला आवाज वाजतोय त्याचा नंबर डिस्प्लेवर दिसतो. मी काकांसमोर एकच पट्टी दाबत राहिले. एक, दोन, तीन... चौथा मुका. पाच ठीक. सहावा तडतडला.

काका जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौथा कधी गेला कळलंच नाही बघ. हल्ली मी एका वेळी दोनच बोटं ठेवतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी किंमत पाडायला आलेय असं वाटलं असेल का त्यांना? खरं तर थोडी तशीच आले होते.

घरी येऊन हिशोब मांडला. मॉड्यूल अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून लेप काढला की पुष्कळदा जिवंत होतं, आणि नव्याने बनवलेली पर्यायी मॉड्यूल परदेशातून मिळतात. एक गेलं की बाकीची रांगेत उभी असतात, म्हणून मी सहाही धरली. कुरिअर आणि कस्टम्स धरून ३०,००० रुपये. म्हणजे यंत्र पडणार १,२०,००० ला. उलट बाजूला ज्यूनोची नक्कल करणारी सॉफ्टवेअर, जी माझ्या सध्याच्या रडक्या लॅपटॉपवरही चालतात.

मग परीक्षा घेतली. काकांच्या परवानगीने खऱ्या ज्यूनोवर एक तुकडा रेकॉर्ड केला, तोच सॉफ्टवेअरवर वाजवला आणि घरच्यांना न सांगता ऐकवला. आईने सॉफ्टवेअरला 'खरा' ठरवलं. बाबांना फरक कळला नाही. आणि मला? डोळे मिटून तिनात एकदा चुकले. तबला आणि गाणं मिसळल्यावर तर सरळ अंदाजपंचे. तेव्हा आवाजासाठी लाख रुपये घालणं हा मूर्खपणा आहे, हे लिहून देते. ज्याला फक्त गाण्यात ज्यूनो हवा आहे त्याने सॉफ्टवेअर घ्यावं आणि उरलेल्या पैशात चांगले स्पीकर.

मग तरी का हवा होता? सॉफ्टवेअरमध्ये मी हजार तयार आवाजांची यादी चाळत बसते आणि रात्रीचे दोन वाजतात. ज्यूनोसमोर तास गेला तो पट्ट्या सरकवण्यात. एका पट्टीला एकच काम, मेनू नाही, सगळं सर्किट डावीकडून उजवीकडे डोळ्यांसमोर मांडलेलं. त्या एका तासात फिल्टर जितका कळला तितका सबंध सेमिस्टरमध्ये कळला नाही. आणि दुसरं म्हणजे ते नादुरुस्त होतं, आणि दुरुस्ती मला येण्यासारखी होती. ज्याला सोल्डरिंग नको त्याने हे यंत्र घेऊच नये, महिन्याभरात शिव्या देईल.

आजीचे पैसे घ्यायचे नाहीत एवढं मात्र ठरवलं. तिची एफडी माझ्या हौसेसाठी नाही. म्हणजे ५०,००० च्या वर गेलं तर नाही म्हणायचं, लॅपटॉप वर्षभर ढकलायचा आणि उरलेले ३०,००० मॉड्यूलना. काकांना फोनवर हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. "विचार करून सांगतो," म्हणाले. चार दिवसांनी त्यांचाच फोन. "पंचावन्न दे. पण एक बघ, त्याची बॅटरी गेलीय का?"

ही बॅटरी मी विसरलेच होते! ज्यूनोत स्वतः बनवलेले १२८ आवाज साठवता येतात, पण ती मेमरी सीआर २०३२ या नाण्याएवढ्या बॅटरीवर जिवंत असते. बॅटरी सोल्डर केलेली असते. ती काढली की सगळं साफ. काकांच्या बाबतीत हे एकदा झालंय. २००६ च्या गणपतीआधी मेकॅनिकने न विचारता बॅटरी बदलली, आणि काकांनी तीन रात्री बसून आपले आवाज कानाने परत बनवले. कुठल्या नंबरवर काय, ते एका निळ्या डायरीत आहे. 'बासरीसारखा', 'पावसाचा', 'ए ३४ - फक्त शेवटच्या गाण्याला'.

मी यंत्र उघडून मल्टीमीटर लावला. २.६ व्होल्ट. ती २००६ चीच होती.

ज्यूनोच्या पाठीमागे कॅसेटवर मेमरी उतरवून घ्यायची सोय आहे. त्या काळी टेपरेकॉर्डर जोडायचे, मी लॅपटॉप जोडला. 'सेव्ह' दाबल्यावर जुन्या फॅक्ससारखी किंचाळी सुरू झाली आणि काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. पहिल्यांदा व्हॉल्यूम कमी पडला, 'व्हेरिफाय' फसलं. दुसऱ्यांदाही फसलं. तिसऱ्या वेळी जमलं.

"म्हणजे हे सगळे माझे आवाज?" काकांनी विचारलं. मी ती फाइल त्यांच्या मोबाइलवर पाठवली, आणि एक माझ्या पेनड्राइव्हवर ठेवली. त्यानंतरच इस्त्री तापवली आणि बॅटरी काढली.

ज्यूनो रिक्षातून ठाण्याला आला, अर्धा माझ्या मांडीवर. मॉड्यूल मागवली आहेत. चौथा आवाज अजून मुका आहे, म्हणून मी सध्या मोजून-मापून वाजवते. बाबा त्यावर पेपर ठेवतात, मी उचलते. 'ए ३४' अजून एकदाच वाजवलाय, काकांना फोनवर ऐकवायला.