हकीकत आधी, ठसा नंतर?

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात हजारो लोक रुळांवर उतरले. तिथल्या शाळेतल्या चिमुकल्यांवरील अत्याचाराने शहरातले घरन् घर हादरले होते आणि तो संताप रास्तच होता. पण तपास पुरता सुरूही झाला नव्हता, तोच घोषणांमध्ये निकाल लागलेला होता: फाशी. अशा दिवसांत मुद्देमालाची सीलबंद पाकिटे प्रयोगशाळेत पोहोचतात. ती उघडणारा रासायनिक विश्लेषकही तुमच्या-आमच्यासारखाच लोकलने प्रवास करतो, घरी गेल्यावर त्याच बातम्या पाहतो. शिवाय पाकिटासोबत पोलिसांचे पत्र असते आणि त्यात गुन्ह्याची थोडक्यात हकीकत. नमुना पाहण्याआधीच गोष्ट कळलेली असते. या प्रकरणात कुणाचा अहवाल वाकडा झाला, असे मला मुळीच सुचवायचे नाही. प्रश्न पद्धतीचा आहे.

आधी कळलेली गोष्ट डोळ्यांना काय दाखवते, हे संशोधक इटिएल ड्रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून पुढे आले. त्यांनी पाच अनुभवी अंगुलीमुद्रा तज्ज्ञांपुढे ठशांच्या जोड्या ठेवल्या. एफबीआयने माद्रिदच्या बॉम्बस्फोटात चुकीने जुळवलेले ठसे ते हेच, असे त्यांना सांगितले. प्रत्यक्षात ती जोडी प्रत्येकाने काही वर्षांपूर्वी स्वतःच तपासून ‘जुळते’ म्हणून सही केलेली होती. आता तिघे म्हणाले, जुळत नाही. एक म्हणाला, सांगता येत नाही. आपल्या जुन्या निष्कर्षावर एकटाच ठाम राहिला. कुणी लाच घेतली नव्हती की कामचुकारपणा केला नव्हता. ठसा तोच होता, बदलली होती फक्त हकीकत.

माद्रिदची मूळ चूकही अशीच घडली. २००४ च्या त्या स्फोटांच्या तपासात संगणकाने सुचवलेल्या वीस नावांत ब्रँडन मेफिल्ड या अमेरिकी वकिलाचे नाव होते. त्याचा स्वच्छ ठसा पाहिल्यावर तज्ज्ञांना पुसट ठशातही त्याच रेषा दिसू लागल्या. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही दुजोरा दिला. मेफिल्ड दोन आठवडे कोठडीत राहिला. तो सुटला, कारण स्पेनच्या पोलिसांना त्या ठशाचा खरा धनी सापडला.

बदलापूरच्या प्रकरणात २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे मिळाले नाहीत, ही बाब दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात आली आणि जानेवारी २०२५ मध्ये तो अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे ठेवला गेला. सगळे शहर एक बोलत असताना ठसे वेगळे बोलू शकतात, म्हणून तर आपल्याला हे शास्त्र हवे. चिमुकल्यांना न्याय मिळायलाही तेच हवे, कारण चुकीचा माणूस पकडला गेला तर खरा गुन्हेगार मोकळा फिरतो.

आपल्याकडे मात्र ठसे तपासणारे अंगुलीमुद्रा केंद्र राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे, म्हणजे पोलिसांचेच. कलिन्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळाही गृह विभागाच्याच अखत्यारीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाची घटनास्थळ भेट बंधनकारक केली. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पाऊल चांगलेच. पण घटनास्थळी तज्ज्ञाला पहिली भेटते ती पोलिसांचीच कहाणी. नमुने गोळा करणाऱ्याला ती लागतेच, टेबलावर ठसा किंवा डीएनए वाचणाऱ्याला नाही.

उपाय खर्चिक नाही. पोलिसांचे पत्र प्रयोगशाळेतल्या एका अधिकाऱ्याने वाचावे आणि विश्लेषकाकडे नमुना व नेमका प्रश्न तेवढाच पाठवावा. आधी घटनास्थळाच्या ठशातल्या खुणा लिहून काढाव्यात, मगच संशयिताचा ठसा समोर यावा. दुसऱ्या तपासनिसाला पहिल्याचा निष्कर्ष कळू नये. गृह विभागाने एवढे एक परिपत्रक काढावे, आणि ते निघेपर्यंत बचाव पक्षाच्या वकिलांनी उलटतपासणीत प्रत्येक तज्ज्ञाला विचारावे: नमुना पाहण्याआधी तुम्हाला काय काय सांगितले होते?