बाभळीचा काटा आणि उघडे पुस्तक

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांमध्ये सुरू झाला. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ न करता स्वतःच्या हातांनी प्रयोग करून शिकावे, ही त्यामागची कल्पना. कल्पना नवी नव्हती, ठिकाण नवे होते. शहरातल्या नामवंत शाळांत जे क्वचितच घडत होते, ते नर्मदाकाठच्या खेड्यांत, प्रयोगशाळेसाठी वेगळी खोलीसुद्धा नसलेल्या शाळांत करायचे होते. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी त्यासाठी राज्य सरकारची परवानगी मिळवली. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काम सोडून बनखेडी भागात येऊन राहिलेले शास्त्रज्ञ. त्याच संस्थेतले त्यांचे काही सहकारी मदतीला आले आणि पाठोपाठ दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापकही.

वर्गात मुले चार-चारच्या टोळ्या करून बसत. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात प्रयोगाची कृती असे, प्रश्न असत. उत्तरे मात्र नसत. निरीक्षणे वहीत उतरवायची, सगळ्या टोळ्यांची फळ्यावर मांडायची, वाद घालायचा आणि निष्कर्ष आपल्या शब्दांत लिहायचा. पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग असा मुलांच्या वहीत तयार होई.

लांबी मोजण्याचा पाठ घ्या. एकच टेबल सगळ्या टोळ्यांनी मोजायचे. कोणाची पट्टी टोकाला झिजलेली, म्हणून 1 सेंटीमीटरच्या खुणेपासून सुरुवात करावी लागते आणि शेवटी तो एक वजा करायला हमखास विसरले जाते. कोणी डोळा तिरका धरून वाचतो. फळ्यावर आकडे येतात ते सारे जवळपासचे, पण एकसारखे नाहीत. बरोबर कोणता? इथे गुरुजींनी आकडा सांगून टाकला की पाठ संपला. न सांगता थांबले, तर मुले पुन्हा मोजतात, ठार चुकलेले मोजमाप ओळखून बाजूला काढतात आणि उरलेल्यांची सरासरी काढण्यापर्यंत येतात. मोजमापात थोडाफार फरक राहणारच, हे भौतिकशास्त्राचे पहिले सत्य बहुतेकांना महाविद्यालयात कळते. इथे ते सहावीसातवीत कळे. संभाव्यतेचा पाठही याच पठडीतला: नाणी आणि फासे टाकत राहायचे, साऱ्या वर्गाचे आकडे एकत्र करायचे आणि त्यांचा आलेख काढायचा.

शाळांना दिलेल्या प्रयोगसाहित्याच्या किटमध्ये लोहचुंबक, भिंगे, विजेचे सेल, छोटे दिवे, लिटमस अशी नेहमीची सामग्री होती. पण जे गावात मिळते ते बाहेरून मागवायचे नाही, असा कटाक्ष असे. फुलाच्या विच्छेदनाला सुई हवी, तर कुंपणाच्या बाभळीचा काटा; परीक्षानळीच्या जागी दवाखान्यातून आणलेली इंजेक्शनची रिकामी बाटली. यात काटकसर होतीच, पण बाटली फुटली तर मुलाला बोलणी बसत नाहीत, हा फायदा त्याहून मोठा. महागडे उपकरण बहुतेक शाळांत कुलपातच राहते, कारण फुटण्याची जबाबदारी शिक्षकाच्या गळ्यात असते.

1978 मध्ये पुण्याच्या ‘टेल्को’ या वाहन कंपनीतले अभियंते अरविंद गुप्ता रजा घेऊन इथे आले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाडी यांची सांगड त्यांनी इथेच घातली. दोन सेंटीमीटरभर नळीच्या दोन्ही तोंडांत गूल खरवडलेली एकेक काडी सरकवली की लवचीक सांधा तयार. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरपा होतो, तीन काड्यांचा त्रिकोण होत नाही. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणांनी का भरलेल्या असतात, ते मुलाच्या हातालाच समजते.

तरीही या कार्यक्रमाचे खरे बळ किटमध्ये नव्हते. साहित्य वाटून मोकळ्या झालेल्या योजना देशात पुष्कळ झाल्या आणि त्यांच्या पेट्या कपाटांवर धूळ खात पडल्या. होशंगाबादेत साहित्याच्या मागे एक साखळी होती. उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांचे दीर्घ प्रशिक्षण होई आणि त्यात शिक्षकांना तेच प्रयोग मुलांसारखे करावे लागत. दर महिन्याला बैठक भरे, तिथे अडचणींचा काथ्याकूट चाले. मुलांचे प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राच्या नावे पत्राने येत आणि त्यांना उत्तरे जात. सर्वांत धाडसाचा भाग परीक्षेचा. आठवीच्या परीक्षेतही पुस्तक आणि स्वतःची वही उघडी ठेवून लिहायची मुभा होती. शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा वेगळी. परीक्षा घोकंपट्टीची राहिली असती, तर वर्गातले प्रयोग पहिल्या सहामाहीतच गुंडाळले गेले असते. पालकांनीच तसा आग्रह धरला असता.

1978 मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सर्व शाळांत गेला. 1982 मध्ये तो पुढे चालवण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि तो इतर जिल्ह्यांतही पोचला. व्याप वाढला तशी साखळीची एकेक कडी ताणली गेली. फुटले-संपलेले साहित्य वेळेवर भरून मिळेना, प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली की त्या शाळेतले प्रयोग थंडावत. दहावीच्या परीक्षेत ही मुले मागे पडतात, अशी तक्रार होत राहिली. 2002 मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे सरकारी शाळांत टिकलेला असा दुसरा प्रयोग देशात शोधूनही सापडणे कठीण.

‘बाल वैज्ञानिक’ची पुस्तके त्यानंतरही एकलव्यकडे मिळत राहिली. अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील ‘मुक्तांगण विज्ञान शोधिके’त काम करू लागले. काड्या, स्ट्रॉ आणि टाकाऊ बाटल्यांची खेळणी तिथून मराठी शाळांपर्यंत आणि इंटरनेटवरून जगभर गेली. उघड्या पुस्तकाची परीक्षा मात्र त्यांच्याबरोबर कुठेच गेली नाही.