आकड्याला ठिकाण हवे

वेधशाळेने पाऊस सांगितला की खुशाल छत्री घरी ठेवावी, हा विनोद आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. त्यातला खोचकपणा सोडून दिला, तरी त्यामागे एक गैरसमज आहे. तो असा, की वेधशाळेचे काम भाकीत वर्तविण्याचे. ते खरे ठरले की काम संपले. वस्तुतः ही निम्मीच गोष्ट होय. जे कळले, ते ज्याला निर्णय घ्यावयाचा आहे त्याच्या हाती वेळेवर आणि त्याला उमजेल अशा रूपाने पडले का, हा उरलेला भाग. माणसे वाचतात की दगावतात, हे पुष्कळदा या उरलेल्या भागावरच ठरते.

२६ जुलै २००५ चा दिवस घ्या. त्या २४ तासांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच शहरातल्या कुलाबा वेधशाळेत तो ७३ मिलिमीटर भरला. दोहोंची सरासरी काढली, तर पाचशेच्या थोडी वर जाते; पण तेवढा पाऊस ना इकडे पडला होता, ना तिकडे! दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांतून घराकडे निघालेली हजारो माणसे उपनगरांतल्या पाण्यात जाऊन अडकली. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पाऊस कोणाच्याच हातचा नव्हता. परंतु तो या घटकेला कोठे किती पडत आहे आणि पाणी कोणीकडे चढत आहे, याचे एकसंध चित्र रेल्वे, पोलीस, महापालिका यांच्यापुढे असते, तर माणसांना जागीच थांबविण्याचा निर्णय पुष्कळ आधी घेता आला असता.

वार्ता पोहोचविण्याचा प्रयत्न पूर्वी होत नसे, असे मात्र नव्हे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले, तेव्हापासून निरीक्षणे तारायंत्राने गोळा होत आणि वादळाची सूचना बंदरावर जाई. कोळी बांधवांना ‘तीन नंबरचा बावटा’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. बावट्याची भाषा थोडक्यात असते, हा तिचा गुण. पण धोका आहे एवढेच ती सांगते. कोणत्या गल्लीला, कोणत्या पुलाला, किती वाजता, हे तिला सांगता येत नाही.

ते सांगावयास नकाशा लागतो. २००५ नंतर मुंबई महापालिकेने शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले. अशा यंत्राच्या एका प्रकारात तराजूप्रमाणे डोलणाऱ्या दोन लहान वाट्या असतात. ठरावीक पाणी साचले की एक वाटी कलते, दुसरी तिच्या जागी येते, आणि प्रत्येक कलण्याची नोंद विजेच्या खुणेने मुख्य केंद्राकडे जाते. रडारची रीत वेगळी. ते लहरी सोडते आणि थेंबांवर आपटून परतलेल्या लहरींवरून पाऊस कोठे आहे, किती जोराचा आहे, हे ताडते. डॉप्लर रडार त्याची चालही सांगते. २००५ साली मुंबईत असे रडार नव्हते. पुढे कुलाबा आणि वेरावली येथे ती बसविण्यात आली.

ही माहिती संगणकाच्या पडद्यावर एकाच नकाशावर येते. पातळ पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तशी ही रचना समजावी. तळच्या कागदावर रस्ते आणि नाले, त्यावर सखल वस्त्या, शाळा, इस्पितळे, त्यावर पाऊस, आणि मुंबईसारख्या ठिकाणी सर्वांवर समुद्राची भरती. भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडे पाण्याखाली जातात. त्यामुळे ओहोटीला निमूटपणे वाहून जाणारा पाऊस भरतीला रस्त्यावर तुंबतो. अधिकाऱ्याने हवा तो कागद वर घ्यावा, हवा तो बाजूला सारावा, एखाद्या विभागावर बोट ठेवून तिथली नोंद पाहावी. जून २०२० मध्ये मुंबईसाठी ‘आय-फ्लोज’ ही पूरसूचनेची व्यवस्था सुरू झाली, तिचे मूळ सूत्र हेच: पाऊस किती पडेल एवढ्यावर न थांबता, कोणत्या विभागात पाणी किती चढेल हे आधी सांगावे.

मात्र नकाशा रंगीत असला म्हणजे तो खरा असतोच, असे मानू नये. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सियस तापमान नोंदविले आणि देशभर खळबळ उडाली. पुढे तपासात यंत्र तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे आढळले. याहून फसवी असते ती कोरी जागा. एखाद्या विभागात पाऊस नाही, आणि तिथले यंत्रच बंद पडले आहे, या दोन गोष्टी नकाशावर सारख्या दिसल्या, तर सर्वांत मोठ्या संकटातला भाग सर्वांत सुरक्षित भासेल. म्हणून ‘शून्य’ आणि ‘नोंद नाही’ यांना निराळ्या खुणा हव्यात, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो किती वाजताचा, हे हवे. शिवाय जोराच्या पावसात वीज जाते, दूरध्वनी मुके होतात. तेव्हा नकाशा पाहणाऱ्या केंद्रापासून वस्तीपर्यंत निरोप नेणारी माणसे आधीच नेमलेली असली पाहिजेत.

आता आपल्याकडील काम. हवामान खात्याचे रंग चार आहेत: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे कृती करा. तांबडा इशारा प्रथम कारभाऱ्यांना उद्देशून असतो. त्याचा अर्थ घाबरून पळत सुटावे असा नव्हे. आपला विभाग सखल आहे का, जवळचा नाला कोणता, पाणी चढल्यास म्हाताऱ्या माणसांना कोणाच्या माडीवर न्यावयाचे, हे उन्हाळ्यातच पाहून ठेवावे. तसेच, आपल्या नगरपालिकेचे पर्जन्यमापक किती, ते चालू आहेत का, आणि त्यांच्या नोंदी लोकांना पाहता येतात का, हेही विचारावे. पावसाळ्याला अजून अवकाश आहे, तोच हे विचारणे सोपे.