स्वतःच मालक, स्वतःच मजूर

नोकरी सोडून धंदा काढणारे तरुण एकमेकांस सांगतात, ‘रात्रंदिवस राबा, तरच वाढ होईल.’ लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही मुंबईची शिक्षकी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. १९१० साली औंध संस्थानातील उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. श्रमाला पर्याय नाही, हे खरेच.

परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे, १८९० साली. तेथे मागणारा वेगळा होता, देणारा वेगळा होता. एकटा धंदेवाला स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर. त्याच्यातल्या मजुराची बाजू कोण मांडणार?

आपला कर्जतचा शेतकरी भर दुपारी औत सोडतो. दमलेल्या बैलाचे तास वाकडे जाते, हे त्याला ठाऊक असते. धंदा काढाल तेव्हा आधी सुट्टीचा वार ठरवा, मग नफ्याचा आकडा.