शांतता जपणारं गाव

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंड नावाचं चिमुकलं गाव आहे. उत्तर ध्रुव तिथून सुमारे १,२०० किलोमीटर. औंढा नागनाथच्या परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार असताना हिंगोलीकरांनी या गावाची ओळख करून घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

तिकडे जाणारा आधी लॉन्गयिअरब्येनला उतरतो. अडीच हजार वस्तीचं हे जुनं खाणगाव आता बरंचसं पर्यटनावर जगतं. ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. आकाशात ध्रुवीय प्रकाश लहरत असतो. उजेड परतला की लोक बर्फावरच्या स्कूटर आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन निघतात, हिमनदीच्या पोटातल्या गुहांत उतरतात. उन्हाळ्यात त्याच कुत्र्यांना चाकांच्या गाड्यांना जुंपतात. वस्तीबाहेर जाताना पांढऱ्या अस्वलांना हुसकावण्याचं साधन जवळ लागतंच. वाटाड्याच्या खांद्यावर बंदूक असते. २०२५पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, मार्च ते जून ५०० मीटर, असा कायदा आहे.

न्यू-ऑलेसुंडला मात्र रस्ताच जात नाही. छोटं विमान किंवा बोट. १९२६ साली ध्रुवसंशोधक अमुंडसेन इथूनच ‘नोर्गे’ या हवाई जहाजातून ध्रुवाकडे झेपावला; जहाज बांधायचा मनोरा अजून उभा आहे. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी कोळसा खाणीत स्फोट होऊन २१ कामगार गेले. खाण बंद पडली आणि गाव हळूहळू शास्त्रज्ञांचं झालं. १ जुलै २००८पासून आपलं ‘हिमाद्री’ केंद्र तिथे आहे. ते गोव्यातल्या वास्को इथली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था चालवते. डिसेंबर २०२३पासून भारतीय शास्त्रज्ञ ध्रुवीय रात्रीतही तिथे काम करू लागले.

या गावात वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. तिथल्या रेडिओ दुर्बिणी अतिदूरच्या क्वेसारांच्या क्षीण लहरी टिपून पृथ्वीच्या फिरण्याचं मोजमाप करतात. खिशातल्या मोबाइलनेही त्या लहरी झाकोळतात. जहाजातून उतरलेले पर्यटक फोन विमान-मोडवर टाकतात, आखलेल्या रस्त्यांवरूनच चालतात, पक्ष्यांची घरटी तुडवत नाहीत. तरीही त्यांना गाव पाहता येतं. मला हीच गोष्ट मोलाची वाटते.

न्यू-ऑलेसुंड रेडिओ लहरींची शांतता जपतं; औंढ्याजवळ जपायची आहे ती जमिनीची शांतता. वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका बदल मोजायचा, तर जड ट्रकची धडधड किंवा सुरुंगाचा हादरासुद्धा अडथळा ठरतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये या प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. नागनाथाच्या दर्शनाला भाविक येतातच. उद्या त्यांच्या जोडीला देशभरचे विद्यार्थी आणि पर्यटक येतील, हॉटेलं निघतील, रस्ते रुंदावतील. त्यांचं स्वागतच व्हावं. पण गाड्या कुठे थांबवायच्या, जड वाहतूक कुठून वळवायची, दगडखाणी किती लांब ठेवायच्या, हे जिल्हा प्रशासनाने आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी शास्त्रज्ञांसोबत बसून आताच, यंत्रं बसण्याआधी ठरवावं.