चाकाचा तोल

घरातील सायकल उलटी करून सीट व हँडल यांवर उभी करा. पुढचे चाक हलकेच फिरवा आणि त्याचे त्याला थांबू द्या. बेअरिंग चांगले असेल तर चाक थांबण्यापूर्वी दोन-चार वेळा मागेपुढे झुलेल आणि मग स्थिर होईल. हा प्रयोग चार-पाच वेळा केल्यास असे आढळेल, की दर वेळी चाकाचा तोच भाग तळाशी येतो. बहुधा तो व्हॉल्व्हचा असतो. त्या बाजूला काही ग्रॅम वस्तुमान अधिक आहे. म्हणजेच चाकाचा गुरुत्वमध्य आसावर नसून किंचित बाजूला सरकलेला आहे. बैलगाडीच्या चाकातही हा दोष असतो, पण त्याची कोणी दखल घेत नाही. मोटारीच्या चाकाची गोष्ट निराळी आहे.

आमच्या एका सहकारी प्राध्यापकांनी मोटारीला मिश्रधातूची चाके, म्हणजे ज्यांना आपण अलॉय व्हील म्हणतो ती, बसवून घेतली. शहरात गाडी उत्तम चाले. महामार्गावर ताशी ९० किलोमीटर वेग झाला, की स्टिअरिंग हातात थरथरू लागे. मौज अशी, की वेग आणखी वाढवला तर थरथर कमी होई. गॅरेजमध्ये तीनदा ‘बॅलन्सिंग’ झाले. तिन्ही वेळा यंत्राने शून्य दाखवले आणि तिन्ही वेळा थरथर कायम राहिली.

प्रथम थोडे गणित करू. टायरसह चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरा. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगाला चाक सेकंदाला सुमारे १३ फेरे घेते; त्याचा कोनीय वेग २५ ला ०.३ ने भागून सुमारे ८३ रेडियन प्रतिसेकंद येतो. आता रिमच्या कडेला, आसापासून १९ सेंटिमीटरवर, ३० ग्रॅम वस्तुमान जादा आहे असे समजू. त्याला वर्तुळात फिरत ठेवण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल म्हणजे वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार:

०.०३ × ०.१९ × ८३ × ८३ = सुमारे ३९ न्यूटन.

हे बल रिम त्या जादा वस्तुमानावर आतल्या दिशेने लावते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार ते वस्तुमानही रिमला तितक्याच बलाने बाहेर ओढते. गोफण फिरवताना हाताला जी ओढ जाणवते तीच ही. ३९ न्यूटन म्हणजे जवळजवळ चार किलोग्रॅम वजन! तीस ग्रॅमच्या तुकड्याने चार किलोचा हिसका द्यावा आणि तोही सेकंदाला १३ वेळा वर, खाली, पुढे, मागे. वेग निम्मा केला तर हिसका निम्मा होत नाही, एक-चतुर्थांश म्हणजे सुमारे १० न्यूटन होतो. म्हणून शहरात काही जाणवत नाही.

मग वेग वाढवल्यावर थरथर कमी का व्हावी? बल तर वाढतच असते. चाक एका बाजूने टायरच्या लवचीकपणावर आणि दुसऱ्या बाजूने गाडीच्या स्प्रिंगवर टेकलेले असते. झोपाळ्याप्रमाणे या रचनेलाही स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते आणि मोटारींमध्ये ती साधारणतः सेकंदाला १० ते १५ कंपने असते. आपले १३ फेरे नेमके या टापूत पडतात. हे अनुस्पंदन होय. तो टापू ओलांडला, की कंपनाचा विस्तार घटतो. चालकाला वाटते दोष गेला. बेअरिंगला मात्र वाढलेले बल सोसावेच लागते.

यावर उपाय म्हणजे जड भागाच्या समोर तेवढेच वजन लावणे. पण सायकलीच्या प्रयोगात जे दिसते ते केवळ स्थितिक असंतुलन. मोटारीचे चाक रुंद असते. समजा, आतल्या कडेला वरच्या बाजूस ३० ग्रॅम जादा आहेत आणि बाहेरच्या कडेला खालच्या बाजूस ३० ग्रॅम. गुरुत्वमध्य आसावरच आहे, चाक कोठेही थांबते. ते फिरू लागले, की दोन विरुद्ध बलांचे बलयुग्म तयार होते आणि चाक डावीउजवीकडे डगमगते. म्हणून यंत्र चाक फिरवून दोन प्रतलांमधील दोष मोजते आणि दोन्ही ठिकाणी किती वजन लावायचे ते सांगते.

पोलादी रिमच्या कडेवर चिमट्याचे वजन हातोडीने ठोकून बसवतात. मिश्रधातूच्या रिममध्ये मुख्यत्वे ॲल्युमिनियम असते; तिची कड जाड व आकाराने निराळी असते आणि तिच्यावर रंगाचा वा लाखेचा पातळ थर असतो. पोलादी रिमचा चिमटा तिच्यावर ठोकला, की तो थर फाटतो. उघड्या ॲल्युमिनियमला पोलाद चिकटलेले आणि मध्ये पावसाचे पाणी: हा एक छोटासा विद्युतघटच झाला. त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे काम अधिक झपाट्याने चालते. म्हणून अशा रिमसाठी तिच्याच आकाराचे, लेप दिलेले चिमटे तरी वापरावेत, नाहीतर आतल्या बाजूला चिकटवायची वजने. ही पूर्वी शिशाची असत. युरोपीय संघात २००५ पासून त्यांना बंदी आहे. आता जस्ताची किंवा लोखंडाची वजने मिळतात. जुने वजन स्क्रूड्रायव्हरने न उचकटता प्लॅस्टिकच्या पट्टीने काढावे, खालचा डिंक पुसून जागा स्पिरिटने स्वच्छ करावी, ती पूर्ण कोरडी झाली की मगच नवे वजन दाबून बसवावे.

येथे पुन्हा भौतिकी आडवी येते. चिकटवलेले वजन आसाच्या अधिक जवळ असते, समजा १९ ऐवजी १६ सेंटिमीटरवर. आणि दोन प्रतलांमधील अंतरही १५ ऐवजी १० सेंटिमीटरच उरते. तेच बलयुग्म मोडण्यासाठी प्रत्येक बाजूस ३० नव्हे, ५३ ग्रॅम लागतात. (हे तुम्ही स्वतः पडताळून पाहा.) कारागिराने यंत्राला वजनांची नवी जागा सांगितली नाही तर उत्तर चुकणारच.

आमच्या सहकाऱ्यांचा प्रश्न मात्र याहूनही साधा निघाला. तेथील एका वयस्कर मिस्त्रींनी ‘शून्य’ दाखवणाऱ्या यंत्रावरचा नट सैल केला, चाक शाफ्टवर अर्धा फेरा वळवून पुन्हा आवळले आणि फिरवले. यंत्राने पन्नासहून अधिक ग्रॅम दाखवले! चाक तेच, मग दोष आला कोठून? चाक ज्या शंकूवर मध्यभागी बसते त्या शंकूच्या एका बाजूला ग्रीस आणि मातीचा थर साचला होता. अठरा किलोग्रॅमचे चाक केवळ ०.३ मिलिमीटर सरकून बसले, तर १८,००० ग्रॅम गुणिले ०.३ भागिले १९० मिलिमीटर, म्हणजे रिमच्या कडेला सुमारे २८ ग्रॅमचा खोटा दोष दिसतो. तो घालवण्यासाठी वजन लावले, की निर्दोष चाकात २८ ग्रॅमचा खरा दोष तयार होतो. चाक अर्धा फेरा वळवल्यावर खरा आणि खोटा दोष एकाच बाजूला आले, त्यांची बेरीज दिसली. दोष शंकूत नसून चाकाच्याच भोकात घाण असती, तर ती चाकाबरोबर फिरली असती आणि ही युक्ती फसली असती; म्हणून मिस्त्रींनी भोकही घासून पुसून घेतले.

शंकू स्वच्छ केल्यावर कसेही वळवून बसवले तरी यंत्र शून्यापाशीच राहिले. थरथर गेली. तीनदा ठोकलेल्या चिमट्यांनी कडेवर पाडलेले ओरखडे तेवढे राहिले, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांत ॲल्युमिनियमच्या गंजाची पांढरी भुकटी दिसू लागली.